कमरीपेठेतल्या गच्चीवरचा पहारा

मित्रांनो, मी एक जुनी सोलर प्लेट आहे. हुबळीच्या कमरीपेठेत, अनुसयाक्काच्या गच्चीवर, रांगेत डावीकडून तिसरी. शिकलेली माणसं मला पॅनेल म्हणतात, पण खालच्या बोळात मला प्लेटशिवाय दुसरं नाव नाही, तेव्हा मीही तेच धरून बसले आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. उन्हावर पोट असलं की आभाळाकडं संशयानंच बघावं लागतं. ढग आला, संशय. पतंग आला, संशय. कावळा माझ्या काचेवर बसण्याआधी मान तिरकी करतो ना, तेव्हाच त्याच्या पोटात काय आहे ते मला कळतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पातळ काळ्या-निळ्या चकत्या, त्यांच्यावर बारीक रुपेरी रेघा, वर काच, पाठीला पांढरा पापुद्रा आणि भोवती चौकट, झाले मी तयार. एका बाईनं मला दिव्याखाली धरून किती वेळ निरखलं. हिला कुठं तडा तर नाही? म्हणजे बघा, जन्मल्या जन्मल्या माझ्यावरच संशय! मग ट्रकमध्ये उभं करून आम्हाला बांधलं. ताडपत्रीच्या फटीतून गदगच्या बाजूच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या. त्या वाऱ्यावर जगतात. वारा तर उन्हाहून लहरी. मला त्यांची कीव आली आणि जरा धीरही आला.

मी इथं आले तेव्हा कमरीपेठेच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे आणि कबुतरं, एवढंच होतं. आता चौथ्या-पाचव्या घरावर माझ्या जातीचं कुणी ना कुणी दिसतं. कलघटगीच्या रस्त्याला तर शेतात पंपाशेजारी प्लेटा उभ्या आहेत म्हणे. पण तेव्हा आम्ही आठ जणी म्हणजे बोळाचं नवल होतो.

अनुसयाक्काचं ज्वारीच्या भाकरीचं केंद्र आहे. खालच्या खोलीत पीठ मळायचं यंत्र, भाकरी दाबायचं यंत्र आणि मोठे तवे. कागदासारख्या पातळ कडक भाकऱ्यांच्या चवडी इथून खानावळींना आणि दुकानांना जातात. यंत्रं दिवसा चालतात आणि ऊनही दिवसाच असतं, म्हणून तिच्या मुलानं, गणेशनं, हट्ट करून आम्हाला आणलं. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून आम्हाला दक्षिणेकडं तोंड करून बसवलं. आम्ही आठ जणी एका तारेत ओवलेल्या. वीज आमच्यातून, एकीतून दुसरीत, अशी जाते. त्यामुळं एकीचा दम कमी पडला की साऱ्या रांगेचा पडतो.

पहिल्याच दिवशी बोळातल्या बायका आम्हाला बघायला वर आल्या. समोरची कुसुम म्हणाली, "अय्यो, केवढं गं हे! आता काय बाई, अनुसयाक्का उन्हाचीपण मालकीण झाली." झालं. अक्काच्या काळजात चर्रर झालं. दृष्ट लागली! आमच्याकडं नवं घर बांधायला काढलं की दृष्ट लागू नये म्हणून वर बाहुली उभी करतात. अक्कानं दुसऱ्याच दिवशी ती आमच्यासाठी केली. आडव्या-उभ्या बांबूंचा सांगाडा, त्यावर गणेशची जुनी पँट आणि मोठ्या मापाचा शर्ट, आत पेंढा, डोक्याला मडकं, मडक्यावर पांढरे डोळे, लाल जीभ आणि भल्या थोरल्या मिशा. ती बाहुली तिनं गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याला, आमच्या अगदी समोर, तारेनं घट्ट आवळली. बोळानं तिचं नाव मडकप्पा ठेवलं.

शेजारची गौतमी तेव्हा गच्चीत उभी होती. दोन घरांच्या गच्च्यांच्या मधे गुडघ्याएवढीच भिंत. ती ओलांडून ती रोज इकडं यायची. केंद्रात तव्यावर तिचाच हात. तिच्या भाकरीला कधी डाग पडला नाही. तिचा नवरा धम्मानंद वर्कशॉपमध्ये कामाला. गौतमी मडकप्पाकडं बघून हसली आणि म्हणाली, "आमच्यात हे मानत नाहीत, अक्का. पण ह्याच्या मिशा झकास काढल्यास बघ. ह्याचं लग्न ठरव आता."

"गप गं! त्याला हसू नये."

"मी कुठं हसते? तोच हसायलाय, जीभ काढून."

दोघी हसल्या. तेव्हा हसल्या, हे मी मुद्दाम सांगते.

आमचं पहिलं कौतुक फार झालं. पाहुणा आला की त्याला चहाआधी गच्ची. गणेश मोबाइलवर आज किती वीज झाली तो आकडा दाखवायचा आणि अक्का, वाचता येत असूनही, "किती रे, किती?" म्हणून त्याच्याच तोंडून ऐकायची. पण खरी काळजी घेतली ती गौतमीनं. हुबळीची धूळ तुम्हाला ठाऊक नसेल. सकाळी पुसावं आणि दुपारी बोटानं नाव लिहावं अशी. गौतमी ऊन चढायच्या आत बादली घेऊन यायची, मऊ फडक्यानं आमच्या काचा पुसायची आणि पुसताना शिंप्यानं मापं घेतल्यासारखी एकेकीला निरखायची. तिला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा आधी संशय घेतला, ही का बरं एवढं करते? काही दिवसांनी कळलं, तिला नुसती स्वच्छ काच बघायला आवडते. असतात अशी माणसं.

पावसाळा गेला. दिवाळी आली. आणि एके दिवशी भर दुपारी माझ्या खालच्या कोपऱ्यावर काहीतरी गार टेकलं.

मी वर पाहिलं. आभाळ निरभ्र. स्वतःकडं पाहिलं तर मडकप्पाचं डोकं! म्हणजे त्याची सावली. मित्रांनो, उन्हाळ्यात सूर्य आमच्या डोक्यावर असतो, तेव्हा मडकप्पाची सावली त्याच्याच पायाशी पडायची. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडं कलतो आणि सावल्या उत्तरेकडं लांब होतात. मडकप्पा जागचा हलला नव्हता. सूर्य हलला होता. रोज ती सावली थोडी वर सरकत गेली. डोकं, मग खांदे, मग तो ढगळ शर्ट आणि पसरलेले हात. सकाळी ती एका बहिणीवर, भर दुपारी माझ्यावर, नंतर पलीकडच्या दोघींवर. ऐन उन्हाच्या वेळी आमची सारी रांग मंदावली. बाकीच्या बहिणी मलाच टोचू लागल्या. तूच कामचुकार, तुझ्यातच काही खोट आहे! मी काय सांगणार? आम्हाला ऊन पचवता येतं, बोलता येत नाही.

खाली गणेशच्या मोबाइलवरचा आकडा घसरला. त्यानं प्लेटा बसवून गेलेल्यांना फोन लावला. त्यांनी तिकडूनच सांगितलं, "थंडीत थोडं कमी होतंयच." वर यायला कुणाला सवड नव्हती.

"थोडं कमी आणि निम्मं कमी यात काय फरक नाही काय?" अक्का कडाडली. "आभाळात टिकलीएवढा ढग नाही. वीज जाती कुठं?"

आता आमच्या गावाची एक गोष्ट सांगायला हवी. हुबळीत नळाला पाणी रोज येत नाही. कित्येक दिवस वाट बघावी लागते. म्हणून इथं प्रत्येकाची टाकी, टाकीला झाकण, झाकणाला कुलूप. टाकीतलं पाणी अंदाजापेक्षा उतरलं की बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो, कुणी काढलं? ती सवय हाडात मुरलेली. अक्कानं विजेलाही तोच न्याय लावला. प्लेटांत वीज भरते, टाकीत पाणी भरतं तशी. कमी झाली म्हणजे कुणीतरी काढून नेली. अहो, माझ्यात वीज साठतच नाही! ऊन पडेल तशी ती होते आणि तारेनं निघून जाते. पण हे तिला कोण सांगणार?

आणि नेमकं त्याच दिवाळीत धम्मानंदानं विजेवर चालणारी स्कूटर घेतली. संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून काळी वायर बाहेर यायची आणि स्कूटरला जोडली जायची. ती वायर त्यांच्याच घरातली, त्यांच्याच मीटरवरची. पण कुसुमनं, गौतमी नसताना, तव्याशी बसून पिलू सोडलं, "पेट्रोल नको, काय नको. फुकटात गाडी कशी पळती बाई? आणि सकाळी सकाळी वर एकटीच काय करती गं ती, बादली घेऊन?"

संशय हा पाहुण्यासारखा येतो आणि मालकासारखा राहतो. अक्का हळूच जिन्यात उभी राहून गौतमीला बघू लागली. गौतमी पुसता पुसता माझ्या पाठीमागची तार नीट बाजूला सारायची, पाणी लागू नये म्हणून. आधी तेच काम अक्काला आपुलकीचं वाटायचं. आता तेच चोरी वाटू लागलं. मडकप्पाला हसली होती तेही आठवलं. राखणदार नको होता हिला! दुपारी जो राखणदार आमच्या उरावर झोपत होता, त्याला मात्र तिनं नवा शर्ट घातला. आधीच्यापेक्षा मोठा!

मग पाण्याचा दिवस उजाडला. बोळाच्या सार्वजनिक नळावर सारा बोळ जमलेला. गौतमी घागर लावायला वाकली आणि अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "पाणी तरी विचारून घे गं. वीज तर न विचारताच नेतीस."

गच्चीवरून मला सगळं ऐकू आलं. गौतमीला आधी कळलंच नाही. ती हसली, थट्टा समजून. "काय म्हणालीस, अक्का?"

"वायर कुठून ओढलीस म्हणाले. गाडी कशावर पळती तुमची? तुम्हा लोकांना वर घेतलं हीच माझी चूक."

तुम्हा लोकांना! तिथं गौतमी एकटी होती. लोक कुठून आले? पण बोळातल्या सगळ्यांना ते लोक कोण ते बरोबर कळलं. कुणी तोंड फिरवलं, कुणी पदर तोंडाशी नेला, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. संशयाला जातपात नसते असं म्हणतात. मला गच्चीवरून तसं दिसलं नाही, मित्रांनो. आकडा घसरला तेव्हा अक्काच्या मनात कुसुम आली नाही, तिचा नवरा आला नाही. सगळ्यांत आधी गौतमी आली. मला राग आला. काचेला राग आला तर कुणाला दिसतो?

गौतमी म्हणाली, "वर चल, बघ माझी वायर. आत्ता चल."

"मी कशाला बघू? चोर कुठं दाखवून चोरी करतोय?"

गौतमीनं घागर अर्धीच भरली होती, ती तशीच उचलली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती तव्यावर आली नाही. गच्चीवरही आली नाही. गणेशनं मधल्या भिंतीवर काटेरी तार लावली. लावताना तो पुटपुटत होता, "गौतमीमावशी असं करणार नाही, आई." पण लावली त्यानं.

मग आमचे वाईट दिवस आले. आमच्या काचेवर धूळ बसली, धुळीवर दव, दवावर पुन्हा धूळ. तिचा चिखल होऊन कडेला वाळला. कबुतरांनी तर आम्हाला आपलंच घर मानलं. अक्का गुडघेदुखीची, गणेशला भाकऱ्या पोचवायच्या, पुसणार कोण? खाली तव्यावर भाकऱ्या करपू लागल्या, खानावळवाले कुरकुरू लागले. आकडा आणखी घसरला.

"आई, मावशी तर वर येतच नाही आता," गणेश म्हणाला. "मग वीज कोण नेतंय?"

अक्कानं भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे भिंतीतून आतल्या आत ओढली असणार!"

बघा. चोर सापडला नाही तर संशय मरत नाही, तो भिंतीत शिरतो.

शेवटी तिनं ठरवलं, आपणच पहारा द्यायचा. एका दुपारी गुडघे धरत ती वर आली आणि टाकीच्या आडोशाला दबा धरून बसली. नजर गौतमीच्या गच्चीवर. तिकडं दोरीवर धुणं वाळत होतं, बाकी काही नाही. थंडीतलं असलं तरी ते हुबळीचं ऊन. डोक्यावर पदर घेतला, घाम पुसला, पुन्हा पुसला. टाकीची सावली पलीकडं पडत होती, तिथून गौतमीची गच्ची दिसत नव्हती. सावलीसाठी तिनं इकडं तिकडं बघितलं. तिची गच्ची दिसेल अशी सावली एकाच ठिकाणी होती, माझ्यावर आणि माझ्या पायाशी. ती सरकत सरकत आली आणि मला टेकून बसली.

"हं," ती स्वतःशीच म्हणाली. "गार आहे."

मला ओरडावंसं वाटत होतं. अगं, गार आहे! मी सोलर प्लेट, भर दुपारी मी गार का असेन?

ती बसली. थोड्या वेळानं तिच्या गुडघ्यावर ऊन आलं. ती सरकली. पुन्हा ऊन आलं, पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा सरकताना तिनं कुरकुरत वर पाहिलं, कुणाची बाई ही सावली, एका जागी बसू देईना. मडकप्पा जीभ काढून उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. धुळीनं माखलेल्या माझ्या काचेवर पसरलेले दोन हात, ढगळ शर्ट, गोल डोकं. अक्काचा पदर डोक्यावरून घसरला, तिला भान नव्हतं.

"गणेश!" तिनं जिन्यात अशी हाक मारली की कबुतरं उडाली. "मोबाइल घेऊन वर ये!"

गणेश धावत आला. अक्कानं गुडघे विसरून कठड्याची तार सोडायला घेतली होती. बोटाला रक्त आलं. दोघांनी मिळून मडकप्पाला उचलून आडवा केला, मग माझ्यावर आणि माझ्या बहिणींवर बादलीभर पाणी ओतून काचा पुसल्या. ऊन आमच्या अंगभर पसरलं. गणेशनं मोबाइल पुढं केला. आकडा चढत होता. अक्कानं आज "किती रे?" विचारलं नाही. ती ओल्या फडक्यानं माझा तोच कोपरा पुन्हा पुसत म्हणाली, "मी काय केलं रे हे?"

गणेशनं काटेरी तार कापली.

गौतमी धुणं काढायला तिच्या गच्चीवर आली तेव्हा अक्का भिंतीशी उभी होती. "गौतमी," ती म्हणाली, "सावली पडत होती गं. मडकप्पाची. माझ्याच हातची. मला क्षमा कर. उद्या कामाला ये."

गौतमीनं दोरीवरचे सगळे कपडे काढून हातावर घेतले. मग म्हणाली, "अक्का, चोर कुठं म्हणालीस मला?"

"चुकलं गं माझं."

"कुठं म्हणालीस?"

"नळावर."

"सगळ्या बोळासमोर. आणि क्षमा इथं मागतीस, गच्चीत? ही प्लेट ऐकणार आणि कबुतरं ऐकणार. धम्मानंद त्या गाडीवरनं बोळात येतोय तर बायका वायरीकडं बघतात. त्यांना कोण सांगणार?"

अक्काच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. चोर म्हणायला तिला जीभ जड झाली नव्हती. चुकले म्हणायला जड होत होती. मला तर संशयच होता, ही नळावर काही बोलायची नाही.

माझा तो संशय खोटा ठरला. पुढच्या पाण्याच्या दिवशी अक्का घागर न घेताच नळावर गेली. बोळ जमला होता. गौतमी रांगेत होती. अक्का म्हणाली, "ऐका गं सगळ्या. गौतमीनं कधी काही घेतलं नाही. माझ्या प्लेटांवर माझ्याच बाहुलीची सावली होती. मी हिला चोर म्हणाले. 'तुम्हा लोकांना' म्हणाले. ते चोरीपेक्षा वाईट होतं." कुसुम फिस्सकन हसली. दुसरी एक म्हणाली, "आम्हाला वाटलंच होतं बाई, गौतमी असं करणार नाही." अक्का तिच्यावर वळली, "वाटलं होतं तर तेव्हा तोंडात काय होतं?"

गौतमीनं घागर पूर्ण भरली. डोक्यावर घेतली. जाता जाता म्हणाली, "ऐकलं, अक्का."

मित्रांनो, मडकप्पा आता खाली दाराशी, उत्तरेच्या बाजूला उभा आहे. तिथं तो हवा तेवढा जीभ काढू दे. आम्ही पुन्हा पोटभर ऊन खातो. अजून बरीच वर्षं आमच्यात दम आहे, काच स्वच्छ ठेवली आणि समोर काही उभं केलं नाही तर. तुमच्या घरावर, शाळेवर माझ्यासारखी कुणी असेल तर तिला सकाळच्या गारव्यात पुसा, आणि वर्षाच्या तिन्ही ऋतूंत एकदा वर जाऊन तिच्यावर कुणाची सावली पडते ते बघा. वीज कमी झाली तर आधी वर चढा. खाली उभं राहून कुणाकडं बोट दाखवू नका. माझ्यावरची सावली बाहुली उचलताच गेली. गौतमीवर जी टाकली, ती तशी उचलता येईना. हे मी डोळ्यांनी बघते आहे.

गौतमी कामाला आली. हात तोच, भाकरीला डाग नाही. पण ती पहिल्यासारखी बोलत नाही. खाली तव्याची धग असते, म्हणून सकाळचा चहा दोघी गच्चीवर घेतात, म्हणजे अक्का घेते. ती दोन कप ओतते आणि एक गौतमीपुढं ठेवते. गौतमी म्हणते, "मी घरी पिऊन आले, अक्का." कप गार होतो. अक्का तो कुंडीत ओतते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन ओतते. मला वाटायचं, ही कंटाळेल. महिने झाले, कंटाळली नाही.

परवा गौतमीनं कप उचलला. ओठांशी नेला नाही, नुसता हातात धरून बसली, वाफ संपेपर्यंत. मग खाली ठेवला आणि माशी बसू नये म्हणून त्यावर बशी झाकली. अक्कानं ते बघितलं आणि लगेच दुसरीकडं तोंड केलं, आपण बघितलं हे तिला कळू नये म्हणून.